खेळाडूची नाडी

"बासष्ट!"

कॉटवर मांडी घालून बसलेल्या आमच्या सरांनी मनगटावरची बोटं उचलली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आकडा जाहीर केला. शेजारच्या कॉटवरचे आजोबा दचकून जागे झाले.

"अहो, हळू. हे मैदान नाही," मी म्हटलं.

"वय एकसष्ट, नाडी बासष्ट. खेळाडूची नाडी आहे ही. दोन वर्षांत एक गोळी पोटात गेली नाही. सांग तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना."

तुझ्या म्हणे! जसं काही डॉक्टरीणबाईंना मी माहेराहून आणलं होतं. मी थर्मासमधली आंबील पेल्यात ओतली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नेहमीसारखी एका दमात संपवली, मिशा पुसल्या आणि ढेकर दिला. मी रिकामा पेला घेऊन मोरीकडे गेले आणि दोनदा विसळला.

त्याला आता अकरा वर्षं झाली. आम्ही तासगावचे. विश्वनाथ खराडे म्हणजे हायस्कूलचे खो-खोचे सर, निम्म्या तालुक्याच्या पोरांना पळवलेला माणूस. एकोणसाठाव्या वर्षी त्यांना पहिला झटका आला. तीन महिने गोळ्या घेतल्या आणि एक दिवस सगळी पाकिटं उचलून कचऱ्यात टाकली. का, तर गोळ्यांनी माणूस लेचापेचा होतो! सुई चालते, गोळी नाही, असलं त्यांचं तर्कट. प्राणायाम सुरू केला, पहाटे मैदानावर जायला लागले आणि रोज उठल्यावर नाडी मोजायला लागले.

सांगलीच्या डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, "वहिनी, बाकी काही चुकलं तर मला येऊन सांगा, पण ही नाडीची गोळी एकदम बंद करायची नाही. महागात पडेल." मी ह्यांच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिले होते. ऐकतील तर शप्पथ. शेवटी काय करणार? कचऱ्यातनं ती पाकिटं उचलली. वेलदोड्याच्या छोट्या खलबत्त्यात गोळी कुटायची, सकाळी आंबिलीत आणि रात्री आमटीत घालायची. ताक-लसणात कडूपणा कळत नाही. गोळ्या संपल्या की त्याच जुन्या चिठ्ठीवर नव्या आणायच्या. दोन वर्षांत एक वेळ चुकली नाही. नाडी नव्वदावरून साठ-बासष्टवर आली. हे गावभर सांगत सुटले, बघा प्राणायामाचा चमत्कार! आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते. हसू यायचं, रडूही यायचं.

पण नाडी ताब्यात आली म्हणून आतलं दुखणं थोडंच जातं? त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना जिना चढवेना. पाय सुजले. मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं, अँजिओग्राफी झाली. तीन नळ्या तुंबलेल्या आणि हृदयाचं पंपिंग अठ्ठावीस टक्के. डॉ. हर्डीकर बाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं होतं.

"ही पुढची भिंत हलत नाहीये. आता प्रश्न एवढाच आहे, की ती मेलीय की झोपलीय. रक्त कमी पडलं की हृदयाचा स्नायू कधीकधी झोपून राहतो. झोपला असेल तर बायपास करून रक्त पोचवलं की जागा होतो. मेला असेल तर ऑपरेशन करून उपयोग नाही, नुसता धोका."

"आणि ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"सलाइनमधून थोडं थोडं औषध देऊ आणि सोनोग्राफीसारख्या मशीनवर बघू. भिंत हलली तर जिवंत आहे." मग त्यांनी ह्यांना विचारलं, "नाडी संथ करणारी कुठली गोळी चालू आहे का? असली तर दोन दिवस आधी बंद करावी लागते."

"कुठलीच नाही," सर छाती काढून म्हणाले. "दोन वर्षांत नाही."

बाईंनी फाइलवर तसं लिहिलं. मी तिथेच खुर्चीवर बसले होते. बोलायला पाहिजे होतं, कळत होतं. पण ह्यांच्यासमोर कसं बोलणार? आणि मला वाटलं, ते बंद करायचं म्हणजे काहीतरी नियमापुरतं असेल. सांगलीचे डॉक्टर म्हणाले होते एकदम बंद करायची नाही, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी मिरजेत बहिणीकडे उतरले होते, खलबत्ताही बरोबर होता. खरं सांगू? टेस्टच्या दिवशी सकाळी मी दीड गोळी घातली. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर जास्तीचं दही ठेवावं तसं.

टेस्टला अर्धा तास लागला. मी बाहेर बाकावर बसून राम राम करत होते. मग आम्हा दोघांना बाईंच्या खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर फाइल उघडीच होती.

"सर, भिंत हलली नाही," त्या म्हणाल्या. "औषध पूर्ण देऊन बघितलं. मी ऑपरेशन सुचवणार नाही. औषधांवर जेवढं सांभाळता येईल तेवढं सांभाळू."

"म्हणजे किती दिवस?" ह्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"असं दिवसांत सांगता येत नाही."

"दिवसांत नाही, तर महिन्यांत सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा फाइल बघितली. "एक गोष्ट मात्र मला खटकतेय. एवढं औषध देऊनही तुमची नाडी अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेली नाही."

"खेळाडूची नाडी आहे," सर म्हणाले. तशातही!

"खेळाडूचीही वाढते, सर," बाई म्हणाल्या आणि फाइल मिटली.

आम्ही वॉर्डात परत आलो. हे कॉटवर बसून पिशवीत टॉवेल, साबण भरायला लागले. "चल, इंदू. चार वाजेपर्यंत डिस्चार्ज देतील. संध्याकाळी घरी." जणू गावजेवण आटोपून निघालो होतो. टॉवेलची घडी मात्र त्यांनी तीनदा मोडून परत घातली.

मला ते बघवेना. मी बाहेर आले. सिस्टर मार्था टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. त्या टेस्टच्या वेळी आत होत्या.

"सिस्टर, एक विचारू? समजा एखाद्यानं ती नाडीची गोळी घेतली असली आणि मग ही टेस्ट केली, तर?"

"मग काय, टेस्ट फसली, मावशी. ते औषध हृदयाला पळ म्हणतं आणि गोळी म्हणते जागचा हलू नकोस. मेलेली भिंत कुठली आणि झोपलेली कुठली, कळणार कसं?" त्यांनी वर बघितलं. "का हो?"

दोन वर्षं ज्या हातानं जीव लावून गोळी कुटली, त्याच हातानं मी त्यांना मेलेलं ठरवून ठेवलं होतं. तेही दीड गोळी घालून! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी धावत बाईंच्या खोलीकडे गेले. आत दुसरा पेशंट होता. तो बाहेर येईपर्यंतची दहा मिनिटं मला दहा तासांसारखी गेली. आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आंबील, आमटी, खलबत्ता, दीड गोळी. बाई ऐकत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सकाळी किती वाजता दिलीत?"

"साडेसातला."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "टेस्ट परत करावी लागेल. पण त्याआधी गोळी दोन दिवस पूर्ण बंद. अशा हृदयाला ती एकदम बंद करणं धोक्याचं आहे, म्हणून इथेच मशीन लावून ठेवू."

"करा की मग! पण ह्यांना सांगू नका. दुसरं काही कारण सांगा, मशीन बिघडलं होतं म्हणा..."

"इंदुमतीबाई," त्यांनी मला थांबवलं. "धोका त्यांच्या जिवाला आहे. सही त्यांची लागणार. त्यांना खरं कळायलाच पाहिजे, आणि ते तुम्ही सांगायचंय."

वॉर्डापर्यंतचा तो पॅसेज मी कसा चालले माझं मला माहीत. हे पायांत चपला घालून तयार होते. डॉक्टरीणबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"अहो," मी म्हटलं, "मी तुम्हाला गोळी देत होते."

"कसली गोळी?"

"नाडीची. आंबिलीतनं. रात्री आमटीतनं. दोन वर्षं झाली."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पोरांच्या अंगावर ओरडायचे तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आवाज जायचा. पण ते हसले.

"खोटं बोलतेस."

"देवाशप्पथ."

"तुला काहीही करून माझं ऑपरेशन करून घ्यायचंय. टेस्ट नापास झाली म्हणून ही नवी कहाणी. दोन वर्षं मी गोळी खाईन आणि मला कळणार नाही? माझी नाडी मी कमावलीय, इंदू. रोज दीड तास. ती तुझ्या आमटीतनं आलेली नाही."

"सर, सोपं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस गोळी बंद ठेवू. नाडी काय करते ते तुम्हीच बघा." आणि धोका काय आहे तेही त्यांनी नीट सांगितलं. हृदय एकदम सुसाट सुटू शकतं, दुसरा झटका येऊ शकतो.

"आणा कागद," हे म्हणाले. जीव वाचावा म्हणून नव्हे हं! मला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी सही केली. चपला काढल्या आणि परत कॉटवर बसले. त्या घटकेपासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. कँटीनची पातळ डाळ खाल्ली, पण माझ्या डब्याकडे बघितलं नाही. मीही डबा रोज भरून आणला आणि रोज परत नेला. रागावू देत, मी म्हटलं. जिवंत माणूसच रागावतो.

पहिल्या सकाळी त्यांनी नाडी मोजली. "अडुसष्ट. कँटीनच्या चहानं झाली," असं आजोबांना सांगितलं, मला नाही.

दुपारी ती पंच्याहत्तर झाली. ती मशीनवर दिसत होती, मोजायची गरजच नव्हती. मी आकड्याकडे बघत बसायची. आकडा वाढला की एकीकडे वाटायचं, बरं झालं, औषध उतरतंय. दुसरीकडे वाटायचं, हा आता कुठे जाऊन थांबणार. सांगलीच्या डॉक्टरांचं ते 'महागात पडेल' कानात घुमायचं. टेस्टसाठी म्हणून थांबवलेली गोळीच त्यांना घेऊन गेली तर? दोन्ही बाजूंनी मीच. देऊनही मीच आणि न देऊनही मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, मिनिटभर थांबले. मग हात खाली ठेवला. आकडा बोलले नाहीत.

"किती हो सर?" शेजारच्या आजोबांनी विचारलं. त्यांना एव्हाना सवय लागली होती.

"झोप नीट लागली नाही," हे म्हणाले.

मशीनवर एक्क्याण्णव होते.

अकराच्या सुमारास त्यांना घाम फुटला. छातीवर हात दाबून ते उशीला टेकले आणि मशीन टुंयटुंय करायला लागलं. एकशे आठ, एकशे बारा. सिस्टर मार्था पळत आल्या, मागोमाग डॉक्टरीणबाई. ईसीजीची पट्टी काढून बघितली, जिभेखाली काहीतरी फवारलं. मी कॉटच्या पायथ्याशी ह्यांचे तळवे घट्ट धरून उभी होते. गार पडले होते.

"गोळी सुरू करूया का, मॅडम?" सिस्टरनी विचारलं. "उद्या सकाळपर्यंत कशाला थांबायचं?"

"द्या हो, द्या," मी ओरडले. "नको ती टेस्ट! मला नको काही, माणूस राहू दे माझा!"

बाई ह्यांच्याकडे बघत होत्या. "सर, तुम्ही सांगा. आत्ता गोळी दिली तर टेस्ट होणार नाही. दुखणं कमी होतंय का?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. तसेच म्हणाले, "कमी होतंय. थांबू या." मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "पाय सोड, इंदू. नख लागतंय."

दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी पाय सोडले नाहीत, नखं तेवढी मागे घेतली.

तिसऱ्या सकाळी टेस्ट होती. ह्या वेळी बाईंनी मलाही आत घेतलं. म्हणाल्या, "बघाच तुम्ही. बाहेर बसून काय करणार?" खोलीत अंधूक उजेड होता. ह्यांना डाव्या कुशीवर निजवलं, छातीला वायरी, हाताला सलाइन. बाईंनी छातीवर जेल लावून ते यंत्र टेकवलं आणि पडद्यावर हृदय दिसायला लागलं. एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि हे मी पहिल्यांदा बघत होते. करड्या रंगाचं, धडपडणारं. एक बाजू आत-बाहेर करत होती आणि दुसरी बाजू, ती पुढची भिंत, नुसती पडून होती.

"ही ना?" मी विचारलं.

"हीच. सिस्टर, सुरू करा."

पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि पापणी लववायलासुद्धा घाबरत होते. न जाणो, तेवढ्यात हलायची आणि मला दिसायची नाही. बाई म्हणाल्या, "वाढवा." सिस्टरनी सलाइनचं मशीन टिकटिकवलं. परत थांबलो. हे खोलीच्या भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांचा दंड तेवढा ताठ झालेला मला दिसत होता.

"हलतेय का?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका, सर."

आणि मग ती हलली. आधी मला वाटलं, माझ्या डोळ्यांचा भास. खालचं टोक जरासं उचललं, परत पडलं. मग पुन्हा उचललं. मग सगळी भिंत, अगदी जड अंगानं, पण बाकीच्यांच्या बरोबरीनं आत यायला लागली.

"बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज थोडा वर गेला होता. "बघा, इंदुमतीबाई. जिवंत आहे. झोपलेली होती."

मला रडू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर आला. सिस्टर मार्थांनी एका हातानं माझी पाठ थोपटली, दुसरा हात सलाइनवरच होता.

"ऑपरेशन करायचं, सर," बाई म्हणाल्या. "माझी खात्री आहे, फायदा होईल."

पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी पंपिंग बेचाळीसवर आलं आणि हे परत मैदानावर दिसायला लागले, पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी खोलीत आनंदाचा कल्लोळ होता आणि हे मात्र अजून पलीकडेच तोंड करून पडले होते. औषध बंद झाल्यावर ते हळूच उताणे झाले.

"आत्ता नाडी किती होती?" त्यांनी विचारलं.

"एकशे चौदापर्यंत गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर."

"हो. इंदुमतीबाई खरं सांगत होत्या, सर. त्या दिवशी गोळीनं दाबून धरलं होतं."

त्यांनी छताकडे बघितलं. आता माझ्यावर फुटणार, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तसा तो त्या दिवशी, 'ऑपरेशन नाही' ऐकतानाही पडला नव्हता.

"इंदू, नाईकला फोन लाव."

जयसिंग नाईक म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाच्या तुंबलेल्या नळीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली होती.

"आत्ता? कशाला?"

"मी त्याच्या गोळ्या बंद करायला लावल्यात. वीस दिवस झाले. माझी नाडी दाखवली त्याला. म्हटलं, बघ, मी कुठे घेतो?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "स्प्रिंग बसवलेल्या माणसाच्या? गोळ्या थांबल्या की स्प्रिंगमध्ये रक्त गोठू शकतं. लावा. लगेच लावा."

मी नंबर लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली. ह्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. उघडी छाती, त्यावर जेल, वायरी, आणि कानाला मोबाइल.

"नाईक? कुठे होतास रे? ... परसात? बरा आहेस ना? ... ऐक. माझं राहू दे. तुझ्या गोळ्या कुठायत? ... टाकल्यास? वहिनींना दे फोन." ते थांबले. "वहिनी, मी विश्वनाथ. जयसिंगला मी चुकीचं सांगितलं. माझी नाडी गोळीवर चालली होती. इंदू जेवणातनं घालत होती, मला पत्ता नव्हता... हसू नका हो, खरंच. त्याच्या गोळ्या आहेत का घरात? ... देवासारखं काम केलंत उचलून ठेवलं ते. काढा. मी फोन ठेवत नाही."

बाईंनी पुढे होऊन कुठल्या दोन गोळ्या आधी द्यायच्या ते सांगितलं. ते त्यांनी शब्द न् शब्द पलीकडे पोचवलं.

"गिळल्या? ... तोंड उघडायला सांगा त्याला. जीभ वर करायला लावा, लबाड आहे तो. ... बरं. आता रिक्षा बोलवा आणि त्याला थेट डॉक्टरांकडे न्या. पोचलात की मला कळवा."

सिस्टर मार्था वायरी काढायला पुढे झाल्या. ह्यांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि मोबाइल छातीवर ठेवून पडून राहिले. चाळीस मिनिटांनी नाईकवहिनींचा फोन आला, डॉक्टरांकडे पोचलो म्हणून. तोपर्यंत ह्यांनी एकाही वायरीला हात लावू दिला नाही.